‘एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला’, पण कागदावर नेमकं लिहिलंय काय?

नाटो म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि बहुतेक युरोपीय देशांची लष्करी युती. तिचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलंच, ‘एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला’. हे इतक्या वेळा कानावर पडलंय की बहुतेकांना वाटतं उद्या कुणी एस्टोनियासारख्या छोट्या सदस्य देशाच्या हद्दीत घुसलं की अमेरिकेपासून तुर्कस्तानपर्यंत सगळ्यांच्या फौजा आपोआप निघणार, बटण दाबलं की मशीन चालू. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. मग एकदा नाटोचा मूळ करारच काढून वाचला. फार मोठा नाहीये, सगळी मिळून १४ कलमं, दहा मिनिटांत वाचून होतात, पण पाचव्या कलमापाशी अडकलो आणि तेच वाक्य परत दोनदा वाचलं.

सुरुवात तीच आहे, एका सदस्यावरचा सशस्त्र हल्ला हा सगळ्यांवरचा हल्ला मानला जाईल. पण मग पुढे? पुढे म्हटलंय की प्रत्येक देश हल्ला झालेल्याच्या मदतीसाठी ताबडतोब ‘त्याला आवश्यक वाटेल ती कारवाई’ करेल, त्यात सशस्त्र बळाचा वापरही आला. त्याला आवश्यक वाटेल ती! म्हणजे कुणाला रणगाडे पाठवणं आवश्यक वाटेल, कुणाला औषधं आणि तंबू, आणि कागदावर बघायला गेलं तर दोघांनीही आपला शब्द पाळला असंच होतं.

ही काही लिहिणाऱ्याची चूक नाही, मुद्दाम ठेवलेली फट आहे. १९४९ मध्ये करार झाला तेव्हा अमेरिकेची अडचण अशी होती की युद्ध पुकारायचा अधिकार तिथल्या राज्यघटनेने काँग्रेसला, म्हणजे त्यांच्या संसदेला दिलेला आहे, आणि सिनेट, म्हणजे त्या संसदेचं वरचं सभागृह, काही असा करार पास करणार नव्हती ज्यात युरोपात कुणी कुरापत काढली की अमेरिका न विचारता युद्धात. युरोपवाल्यांना हवी होती पक्की हमी, अमेरिकेला हवी होती मोकळीक, मधला रस्ता म्हणजे हे वाक्य.

बरं, सहावं कलम तर त्याहून मजेशीर आहे, कारण त्यात भूगोल येतो. हल्ला कुठे झाला तर धरायचा? युरोप, उत्तर अमेरिका, आणि उत्तर अटलांटिकमधली कर्कवृत्ताच्या वरची बेटं. त्यामुळे १९८२ मध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड बेटं घेतली तेव्हा ब्रिटनला पाचव्या कलमाचा काही उपयोग नव्हता, ती बेटं पार खाली दक्षिण अटलांटिकमध्ये. आणि हवाई? हवाई अमेरिकेचंच राज्य, पण आहे पॅसिफिकमध्ये, त्यामुळे कराराच्या शब्दांप्रमाणे तेही बाहेरच.

आजपर्यंत हे पाचवं कलम एकदाच लागू झालंय, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, १२ सप्टेंबर २००१ ला. करार केला होता अमेरिकेने युरोपला वाचवावं म्हणून आणि लागू झाला तो युरोपने अमेरिकेच्या मदतीला यावं म्हणून, नाटोची ७ रडारवाली अवॅक्स विमानं त्या काळात अमेरिकेच्या आकाशात गस्त घालत होती. १९४९ मध्ये सह्या करणाऱ्या १२ देशांपैकी कुणाच्या स्वप्नातही हे आलं नसेल.

मग प्रश्न असा पडतो की इतक्या सैल कागदाला घाबरतं कोण? आणि तरी घाबरतात, हे तर दिसतंय. सोव्हिएत युनियनने शीतयुद्धाच्या चाळीसेक वर्षांत हंगेरीत रणगाडे घातले, चेकोस्लोव्हाकियात घातले, अफगाणिस्तानात घातले, पण नाटोच्या एकाही देशाची सीमा फौज घेऊन ओलांडली नाही. मला विचाराल तर लष्करी युती हा प्रकार समजून घ्यायचा असेल तर करारात काय लिहिलंय हा प्रश्न थोडा बाजूला ठेवायचा आणि वेगळंच विचारायचं, की समोरचा यावर विश्वास ठेवतोय का, आणि तो का ठेवावा?

हा ‘का ठेवावा’ फार जुना आणि फार अवघड प्रश्न आहे. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी तो उघडउघड विचारला होता. एकदा रशियाकडे अमेरिकेपर्यंत पोचणारी अण्वस्त्रं आली की पॅरिस वाचवायला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष न्यूयॉर्क पणाला लावेल का? खरं उत्तर कुणालाच माहीत नव्हतं, आणि द गॉलना नाही असंच वाटत होतं, म्हणून मग आपला हात जगन्नाथ. फ्रान्सने १९६० मध्ये सहारात स्वतःच्या अणुबॉम्बची चाचणी केली आणि १९६६ मध्ये नाटोच्या एकत्रित लष्करी कमांडमधून बाहेर पडून परदेशी सैनिकांना निघायला सांगितलं, पुढच्या वर्षी नाटोचं मुख्यालयच पॅरिसहून उचलून ब्रुसेल्सला न्यावं लागलं. गंमत म्हणजे फ्रान्सने करार काही सोडला नाही, सदस्य राहिलाच, फक्त आपली फौज दुसऱ्याच्या हुकमाखाली द्यायची नाही एवढंच. कमांडमध्ये परत यायला २००९ उजाडलं.

शब्दावर विश्वास बसत नसेल तर तो बसवायचा कसा, याचं एक उत्तर पश्चिम बर्लिनमध्ये सापडतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीसारखंच बर्लिनही दुभंगलं, आणि पाश्चात्त्यांच्या ताब्यातला त्याचा हा भाग सोव्हिएत गटातल्या पूर्व जर्मनीच्या पोटात, हद्दीपासून दीडशेहून जास्त किलोमीटर आत, चारही बाजूंनी सोव्हिएत फौजा, आणि तिथे अमेरिका ब्रिटन फ्रान्स तिघांचे मिळून सैनिक किती, तर साधारण १०-१२ हजार. युद्ध झालंच असतं तर ते फार दिवस टिकले नसते, हे मॉस्कोला माहीत होतं, वॉशिंग्टनला माहीत होतं, आणि त्या सैनिकांनाही माहीत होतं. मग ते तिथे कशासाठी? जिंकायला नाहीच. त्यांनी तिथे नुसतं असायचं. कारण त्यांच्यातले हजारभर जरी मेले तरी घरच्या लोकांच्या दबावाखाली तिन्ही सरकारांना गप्प बसणं अशक्य झालं असतं, आणि हे समोरच्याला कळत होतं. लष्करी भाषेत याला ट्रिपवायर म्हणतात, पायात येणारी तार. तार स्वतः कुणाला अडवत नाही, पण तिला पाय लागला की पुढचं सगळं सुरू होतं.

याच बर्लिनमध्ये २२ ऑक्टोबर १९६१ च्या संध्याकाळी एक अमेरिकन डिप्लोमॅट बायकोला घेऊन पूर्व भागात ऑपेरा बघायला निघाले. शहराचे दोन भाग तोडणारी भिंत उभी राहून जेमतेम दोन-सव्वादोन महिने झाले होते. दोन भागांमधल्या चेकपॉइंट चार्ली या नाक्यावर पूर्व जर्मन पोलिसांनी गाडी अडवली आणि कागद मागितले. आता दाखवले असते कागद तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं, कारण महायुद्धानंतरच्या समजुतीप्रमाणे चारही विजेत्या देशांच्या माणसांना अख्ख्या शहरात फिरायची मुभा होती आणि पूर्व जर्मनीला तपासायचा हक्क आहे हे अमेरिका मानतच नव्हती, एकदा कागद दाखवला म्हणजे तो हक्क मान्य केल्यासारखं. त्यांनी नकार दिला, गाडी अडकली, मग हत्यारबंद अमेरिकन सैनिक बरोबर देऊन गाडी आत नेली, पुढचे काही दिवस हेच चालू, आणि २७ तारखेच्या संध्याकाळी रस्त्याच्या एका टोकाला १० अमेरिकन रणगाडे आणि दुसऱ्या टोकाला १० सोव्हिएत रणगाडे, मध्ये अंतर शंभरेक मीटर, तोफा एकमेकांकडे रोखलेल्या. साधारण १६ तास हे असंच उभं. एखाद्या घाबरलेल्या पोराच्या हातून ट्रिगर दाबला गेला असता तर काय झालं असतं याचा विचारही नको. शेवटी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्यात मागच्या दाराने निरोप गेले आणि २८ तारखेला सकाळी आधी एक सोव्हिएत रणगाडा पाचेक मीटर मागे सरकला, मग एक अमेरिकन, मग परत एक तिकडचा, असं करत करत रस्ता मोकळा झाला.

यात रणगाड्यांची संख्या बघू नका, वीस रणगाड्यांनी कुठलं युद्ध जिंकता येतं. एका कागद दाखवण्यावरून कुणी इतकं ताणून धरलं, हेच दोन्ही बाजू एकमेकांना दाखवत होत्या, की बघ, एवढ्याशा गोष्टीवर मी हलत नाही तर मोठ्या गोष्टीवर काय करेन. महासत्तांच्या भांडणात बाहेरून पोरकट वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टी यामुळे होतात.

हे झालं ‘ऐनवेळी मित्र येणारच नाही’ या भीतीबद्दल. पण युतीत दुसरी भीती नेमकी उलटी असते, की मित्र नको त्या भांडणात आपल्याला ओढेल, सुक्याबरोबर ओलंही जळेल. ग्लेन स्नायडर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ मध्ये हे फार छान मांडलं होतं, की या दोन भीती एकाच तराजूच्या दोन पारड्यांसारख्या आहेत. मित्राला चिकटून राहिलात, काहीही झालं तरी मी आहेच असं सांगत बसलात, तर तो सोडून जायची भीती कमी होते पण तो शेफारतो आणि तुम्ही ओढले जाता. अंतर ठेवलंत तर ओढले जात नाही, पण गरज पडेल तेव्हा तोही ओळख दाखवत नाही. दोन्ही भीती एकाच वेळी शून्य करायचा उपाय अजून कुणाला सापडलेला नाही.

ओढलं जाण्याचं उदाहरण म्हटलं की सगळे १९१४ सांगतात. सारायेव्होमध्ये २८ जूनला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, जर्मनीने ऑस्ट्रियाला कोरा चेक दिला की तुम्ही सर्बियाचं काय करायचं ते करा आम्ही पाठीशी आहोत, २८ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं, रशिया सर्बियाच्या बाजूने, १ ऑगस्टला जर्मनीचं रशियावर युद्ध, ३ तारखेला फ्रान्सवर, ४ तारखेला ब्रिटन उतरलं. पत्त्यांचा बंगला, एक पत्ता पडला की सगळे. शाळेत असंच शिकवतात आणि ते चूक नाही, पण त्यात एक देश गाळला जातो, तो म्हणजे इटली. इटलीचा १८८२ पासून जर्मनी आणि ऑस्ट्रियाशी लेखी लष्करी करार होता. इटली म्हणाली, करार बचावाचा आहे, सुरुवात तुम्ही केलीत, आम्ही येत नाही, आणि पुढच्या वर्षी चक्क समोरच्या बाजूने युद्धात उतरली. उलट ब्रिटनचा फ्रान्सशी ‘तुमच्यासाठी लढूच’ असा लेखी करार नव्हताच, होती ती आपसातली समजूत आणि सेनाधिकाऱ्यांची बोलणी, आणि होतं १८३९ सालचं बेल्जियमच्या तटस्थतेचं कलम. तरी ब्रिटन आलं. ज्याचा करार होता तो आला नाही, ज्याचा नव्हता तो आला! त्यामुळे ‘करारांमुळे महायुद्ध झालं’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की मला जरा शंका येते, देश करार बघून जातात त्यापेक्षा हरल्यावर आपलं काय होईल ते बघून जातात.

करार मोडल्याचं सगळ्यात वाईट उदाहरण १९३८ चं. चेकोस्लोव्हाकियाशी फ्रान्सचा परस्पर मदतीचा करार होता आणि म्युनिकला फ्रान्स, ब्रिटन, इटली आणि हिटलर यांनी बसून त्यांचा सुडेटनलँड हा सीमेवरचा प्रदेश जर्मनीला देऊन टाकला, चेक प्रतिनिधींना त्या टेबलावर जागासुद्धा नव्हती.

आता या सगळ्याच्या मुळाशी जे कोडं आहे त्याकडे येऊ, कारण महासत्तांची स्पर्धा त्याशिवाय कळतच नाही. समजा मला शेजाऱ्याची भीती वाटते म्हणून मी कुंपण उंच केलं, दोन राखणदार ठेवले. माझ्या मनात फक्त बचाव. पण शेजाऱ्याला माझं मन दिसत नाही, त्याला राखणदार दिसतात. तो चार ठेवतो. ते बघून मला वाटतं, बघा, माझा संशय खराच होता. कुणाच्याच मनात हल्ला नव्हता आणि दोघंही आधीपेक्षा जास्त घाबरलेले. याला सिक्युरिटी डायलेमा म्हणतात, सुरक्षेचा पेच. १९५५ च्या मे महिन्यात पश्चिम जर्मनी नाटोत गेली, ज्या जर्मनीने दहा-पंधरा वर्षांपूर्वी रशियात कोट्यवधी माणसं मारली तीच परत शस्त्र घेऊन समोर, आणि आठवड्याभरात, १४ मे ला, वॉर्सा कराराची, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी युतीची स्थापना.

शीतयुद्धानंतर नाटो पूर्वेकडे सरकली यावरचा आजचा वाद हाच आहे. पोलंड, बाल्टिक देश (एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया) यांचं म्हणणं, आम्ही रशियाच्या हाताखाली काय भोगलंय ते आम्हाला माहीत आहे, आम्ही स्वतःहून दार ठोठावलं. रशियाचं म्हणणं, तुम्ही बचाव म्हणा नाहीतर काहीही म्हणा, फौजा आमच्या दारापर्यंत आल्या. माझं मत विचाराल तर भीती दोन्हीकडची खरी असू शकते, पण त्याने शेजारच्या देशावर चाल करून जायचा हक्क मिळत नाही. आणि पाश्चात्त्यांची सगळ्यात मोठी चूक मला नाटो वाढवली यात दिसत नाही, २००८ च्या बुखारेस्ट बैठकीत दिसते, जिथे युक्रेन आणि जॉर्जिया ‘सदस्य होतील’ असं जाहीर केलं पण कधी ते सांगितलं नाही आणि त्यासाठीची पुढची पायरीही दिली नाही. म्हणजे रशियाला चिडवायला पुरेसं आणि युक्रेनला वाचवायला अपुरं. त्याआधी १९९४ मध्ये बुडापेस्टला युक्रेनने आपल्या जमिनीवरची सोव्हिएत अण्वस्त्रं सोडून द्यायचं कबूल केलं त्याबदल्यात रशिया, अमेरिका, ब्रिटन यांनी सीमांचा मान राखायची आश्वासनं दिली, आश्वासनं बरं का, हमी नाही, शब्द मुद्दाम निवडलेला होता. २०१४ मध्ये युक्रेनचा क्रिमिया रशियाने घेतला, २४ फेब्रुवारी २०२२ ला पूर्ण आक्रमण. आणि त्याचा परिणाम? दशकानुदशकं तटस्थ राहिलेला फिनलंड ४ एप्रिल २०२३ ला नाटोत आला, त्याच्यामागे २०२४ मध्ये स्वीडन, सदस्य झाले ३२, आणि रशियाची नाटोबरोबरची हद्द एका फटक्यात सुमारे १३४० किलोमीटरने वाढली. शेजाऱ्याने राखणदार ठेवू नयेत म्हणून त्याच्या घरात घुसायचं आणि मग अख्ख्या गल्लीने राखणदार ठेवले असं झालं हे.

युती म्हणजे सगळीकडे नाटोसारखीच असते असंही नाही. वॉर्सा कराराची संयुक्त मोहीम म्हणावी अशी एकच निघाली, १९६८ मध्ये, आणि ती स्वतःच्याच सदस्यावर, चेकोस्लोव्हाकियावर. चीन आणि सोव्हिएत युनियनने १९५० मध्ये तीस वर्षांचा मैत्री करार केला आणि १९६९ मध्ये सीमेवरच्या उसुरी नदीवर एकमेकांच्या सैनिकांना गोळ्या घातल्या, करार तेव्हा कागदोपत्री चालूच होता. रशियाच्या पुढाकाराने चालणाऱ्या सीएसटीओ या लष्करी संघटनेत आर्मेनिया आहे, २०२२ मध्ये अझरबैजानने हल्ला केल्यावर त्यांनी मदत मागितली, आली काय तर पाहणी करणारी मंडळी, फौज नाही. २०२४ मध्ये आर्मेनियाने आपला सहभाग गोठवला. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा. आणि क्वाडला लोक आशियाई नाटो म्हणतात ते साफ चूक, भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया यांच्यात त्यात संरक्षणाचा करारच नाही, ‘तुमच्यावर हल्ला झाला तर’ असं एकही कलम नाही.

पैशाचं भांडण मात्र प्रत्येक युतीत असतं. नाटोबद्दलची अमेरिकेची तक्रार आपल्याकडच्या एका वाक्प्रचारात मावते, आम्ही किती वर्षं लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या? २०१४ मध्ये जीडीपीच्या २ टक्के खर्चाकडे जायचं ठरलं, बरेच देश तिथेही पोचले नाहीत, युक्रेननंतर धावपळ सुरू झाली आणि २०२५ च्या हेग बैठकीत २०३५ पर्यंत ५ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं, साडेतीन टक्के थेट लष्करावर आणि दीड टक्का रस्ते, पूल, सायबर वगैरेवर. अर्थात अमेरिकाही हे सगळं धर्मादाय करत नव्हती, तळ मिळतात, शब्दाला वजन मिळतं, हे ते सांगत नाहीत.

तैवानबाबत अमेरिकेने वेगळाच मार्ग धरलाय. त्यांचा तैवानशी संरक्षण करार होता, चीनशी राजनैतिक संबंध जोडताना तो १९८० च्या सुरुवातीला संपवला, आणि त्याजागी एक कायदा ठेवला, ज्यात शस्त्रं देऊ असं आहे पण लढायला येऊ असं नाही, आणि येणार नाही असंही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. यातून चीनने हल्ला करू नये आणि तैवाननेही ‘अमेरिका आहेच’ म्हणून उद्या स्वातंत्र्य जाहीर करू नये, दोघांनाही एकाच संदिग्ध वाक्याने धरून ठेवायचं. बायडेननी राष्ट्राध्यक्ष असताना एकापेक्षा जास्त वेळा पत्रकारांना सांगून टाकलं की हो आम्ही तैवानला वाचवू, आणि प्रत्येक वेळी व्हाइट हाऊसने लगेच खुलासा केला की धोरण बदललेलं नाही. मूठ उघडायची पण नाही आणि आत काहीतरी आहे असं वाटत पण राहिलं पाहिजे, कसरत आहे ती. कारण रेघ स्पष्ट आखली तरी पंचाईत होते, जानेवारी १९५० मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अॅचिसन यांनी भाषणात पॅसिफिकमधली आपली संरक्षणरेषा सांगितली, त्यात दक्षिण कोरिया नव्हता, आणि २५ जूनला उत्तर कोरियाचं सैन्य खाली आलं. भाषणामुळेच आलं का यावर इतिहासकार अजून भांडतात, पण तेव्हापासून अशा जाहीर रेघा आखायला सगळेच बिचकतात.

आणि बर्लिनमधली ती पायात येणारी तार आता लिथुआनियात आहे. एका बाजूला रशियाचा कालिनिनग्राड, दुसऱ्या बाजूला बेलारूस, मध्ये पोलंडकडे जाणारी चिंचोळी पट्टी, ती तुटली तर बाल्टिक देशांचा जमिनीवरचा रस्ताच बंद. २०१७ पासून नाटोने तिन्ही बाल्टिक देश आणि पोलंडमध्ये साधारण हजारेक सैनिकांच्या तुकड्या ठेवल्या, त्याही मुद्दाम वेगवेगळ्या देशांच्या माणसांनी भरलेल्या, म्हणजे मार लागलाच तर तो एकट्या देशाला लागणार नाही, सगळ्यांनाच लागेल. आता जर्मनी लिथुआनियात सुमारे पाच हजारांची पूर्ण ब्रिगेड कायमची ठेवतेय, २०२७ पर्यंत सगळी भरती पूर्ण करायचं ठरलंय, दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीने असं पहिल्यांदाच केलं. आणि सैनिकांनी सहा महिन्यांनी बॅग उचलून परत जायचं असा प्रकार नाही, बायकामुलांसकट राहायचं, म्हणून त्या ब्रिगेडच्या प्लॅनिंगमध्ये दारूगोळ्याच्या कोठारांबरोबर घरं आणि पोरांच्या जर्मन शाळांचाही हिशोब धरलाय.